सॅकमध्ये न भरलेलं सामान

टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापून टाकणाऱ्या माणसाबद्दल तुमचं काय मत होईल? त्याने वाचवलं किती, तर फार तर सात-आठ ग्रॅम. एवढ्यावर तो थांबतही नाही. टी-शर्टच्या मानेमागचं लेबल कात्रीने काढतो, सॅकच्या लोंबणाऱ्या पट्ट्या छाटतो, सुक्या जेवणाची पाकिटं फोडून साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ओततो आणि मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक जिन्नस ठेवून वहीत आकडे मांडत बसतो. सोनाराच्या तराजूसमोरही कुणी इतकं डोळ्यांत तेल घालून बसत नसेल.

या माणसाला सहारात पळायला जायचं आहे.

शर्यतीचं नाव ‘मॅरेथॉन दे साब्ल’, म्हणजे वाळूची मॅरेथॉन. मोरोक्कोच्या दक्षिणेला, सुमारे अडीचशे किलोमीटर, साधारण आठवडाभरात, टप्प्याटप्प्याने. त्यातला एक टप्पा एकटाच ऐंशी किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. बहुतेकांची सगळी रात्र त्यातच जाते. अडीचशे किलोमीटर म्हणजे किती? आळंदीहून माउलींची पालखी पंढरपूरला जाते, साधारण तेवढं अंतर. पालखीला त्याला अडीच-तीन आठवडे लागतात, आणि दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं. इथे ट्रक नाही. आठवड्याचं खाणं, अंथरूण, कपडे, औषधं, सगळं स्वतःच्या पाठीवर. आयोजक देतात ते फक्त पाणी आणि रात्री आठ जणांत मिळून एक काळ्या कापडाचा आडोसा, त्या भागातल्या बर्बर लोकांच्या राहुटीसारखा. त्याला तंबू म्हणणं जरा उदारपणाचं होईल, कारण वारा त्याच्या एका बाजूने आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने आरामात बाहेर पडतो.

हे कुणाच्या डोक्यात आलं? पॅट्रिक बाउअर नावाच्या एका फ्रेंच तरुणाच्या. 1984 साली तो अल्जीरियातल्या सहारात एकटाच चालत निघाला. बारा दिवस, सुमारे साडेतीनशे किलोमीटर, आणि वाटेत पाणी मिळणार नाही म्हणून पाठीवर जवळपास पस्तीस किलोंचं ओझं. परत आल्यावर शहाण्या माणसाने पाय शेकत बसावं. याला वाटलं, हे इतरांनाही करायला मिळालं पाहिजे! 1986 साली पहिली शर्यत झाली तेव्हा तेवीस जण आले. हल्ली हजाराच्या घरात येतात. रोज सकाळी सुटण्याच्या रेषेवर भोंग्यातून ‘हायवे टू हेल’ हे गाणं लागतं. नरकाकडे जाणारा हमरस्ता! विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणायची.

आता त्या सॅकमध्ये डोकावू. नियम असा, की पाणी सोडून तिचं वजन साडेसहा किलोंपेक्षा कमी नको आणि पंधरापेक्षा जास्त नको. काही वस्तू सक्तीच्या: स्लीपिंग बॅग, कपाळावर बांधायचा दिवा, होकायंत्र, शिट्टी, लायटर, चाकू, जंतुनाशक, दहा सेफ्टी पिना, लांबून चमकवून खूण करायला आरसा, अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी चादर, आणि साप-विंचू चावला तर विष ओढून काढायचा छोटा पंप. (या पंपाबद्दल आजचे डॉक्टर फारसं चांगलं बोलत नाहीत, पण यादीत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून होता.) शिवाय रोख दोनशे युरो. वाळवंटात! ते कशाला, ते नंतर पाहू.

आणि खाणं. प्रत्येकाकडे किमान चौदा हजार कॅलरी असल्याच पाहिजेत, दिवसाला दोन हजारांच्या हिशेबाने. ऐकायला हा नुसता आकडा वाटतो. पाठीवर घेऊन बघा. चौदा हजार कॅलरींचा शिजवलेला भात न्यायचा म्हटलं तर तो दहा-अकरा किलो भरेल. त्यातलं पाणी काढून टाकलं, म्हणजे नुसते तांदूळ किंवा सुकवलेलं अन्न घेतलं, की साडेतीन-चार किलो. भाजलेले शेंगदाणे घेतले तर अडीच किलोंच्या आत. आणि नुसतं तेल प्यायची तयारी असेल, तर दीड किलोवर काम भागतं. म्हणून या शर्यतीत दाणे, बदाम, सुका मेवा आणि तेलकट खाऊ यांना मानाचं पान. आपल्याकडच्या दाण्याच्या लाडवाला या बाजारात फार चांगला भाव येईल.

तरी हिशेब जुळत नाही. पासष्ट किलोंचा माणूस, पाठीवर नऊ किलो. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जळते, हा ढोबळ नियम. अडीचशे किलोमीटरचे झाले साडेअठरा हजार. चढउतार आणि वाळूचा दंड धरला तर पंचवीस हजार समजा. नुसतं जिवंत राहायला, म्हणजे हृदय, मेंदू, मूत्रपिंडं चालू ठेवायला, आठवड्याला आणखी अकरा-बारा हजार. खर्च छत्तीस हजार, शिदोरी चौदा हजारांची. उरलेले बावीस हजार कुठून आणायचे?

पोटावरून.

गंमत इथूनच सुरू होते. बावीस हजार कॅलरी म्हणजे शरीरातली जेमतेम तीन किलो चरबी. आपल्या पासष्ट किलोंच्या, बऱ्यापैकी सडपातळ माणसाच्या अंगावरही दहाएक किलो चरबी असते, म्हणजे पंचाहत्तर हजार कॅलरी! सॅकमधल्या खाण्याच्या पाचपट शिदोरी तो आधीच अंगावर घेऊन आला आहे, आणि टूथब्रशचा दांडा कापत बसला आहे.

पण चरबीच का? शरीराकडे साखर साठवायचीही सोय आहे. यकृतात आणि स्नायूंत ती ग्लायकोजेनच्या रूपाने राहते आणि चटकन वापरता येते. मग सगळा साठा तोच का नाही? कारण ग्लायकोजेन भिजलेला असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते पंचाहत्तर हजार ग्लायकोजेनमध्ये साठवायचे म्हटले तर नुसता साठाच पंचाहत्तर किलो भरेल, म्हणजे माणसापेक्षा जड! म्हणून शरीर ग्लायकोजेन दोनेक हजार कॅलरींपुरताच ठेवतं, खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखा, आणि खरी पुंजी कोरड्या, हलक्या, ठासून भरलेल्या चरबीत टाकतं. शेंगदाणे निवडणारा आपला धावपटू जी अक्कल काट्यावर तोलून शिकला, ती त्याच्या शरीराने कधीच वापरून ठेवली आहे. फक्त या पुंजीतून पैसे हळू निघतात. जोरात पळालात की सुट्टे संपतात आणि पाय शिसाचे होतात. धिम्या चालीने गेलात की चरबीचा झरा पुरतो. म्हणून या शर्यतीत बहुतेक जण बहुतेक वेळ चक्क चालतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आता ऊन.

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. पळताना जी ऊर्जा जळते, तिच्यातली किती खरोखर पळण्यासाठी लागते? चौथा-पाचवा हिस्सा. बाकीची नुसती उष्णता, मोटारीच्या इंजिनासारखीच. आपला माणूस तासाला सातशे कॅलरी जाळत असेल, तर साडेपाचशे कॅलरींची धग त्याच्या आत तयार होते. पासष्ट किलोंचं शरीर एका अंशाने तापायला चोपन्न-पंचावन्न कॅलरी पुरतात. भागाकार करा. ही धग बाहेर पडली नाही, तर तासाभरात शरीर दहा अंशांनी तापेल: सदतीसवरून सत्तेचाळीसवर. म्हणजे तास पुरा होण्याच्या कितीतरी आधीच माणूस संपला.

एरवी धग बाहेर पडायला वाटा असतात. आपली त्वचा पस्तीस अंशांच्या आसपास, हवा पंचवीसची, मग उष्णता आपसूक बाहेर वाहते. पण सहारात दुपारी हवाच पंचेचाळीसची! वारा आला तर बरं वाटायच्या ऐवजी तो अंग तापवतो. वरून सूर्य, खालून तापलेली वाळू. सगळ्या खिडक्यांतून आग आत येते आहे, आणि बाहेर जायला एकच फट उरली आहे.

ती फट म्हणजे घाम. एक लिटर पाणी त्वचेवरून उडून जाताना जवळपास 580 कॅलरी सोबत घेऊन जातं. पुन्हा तो आकडा पाहा: आतली धग तासाला साडेपाचशे, एक लिटर घामाची क्षमता 580. म्हणजे पळताना तयार होणारी सगळी भट्टी तासाला एका बाटलीभर पाण्याने विझते. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत, प्रत्येक ग्रंथी म्हणजे डोळ्यांनी न दिसणारा एक नळ, आणि या सगळ्या नळांची चावी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. तापमान एका अंशाच्या काही भागाने चढलं की नळ सुटतात. इतकी हलकी, बिनआवाजाची, बिनबॅटरीची वातानुकूलन यंत्रणा कुणाला दुकानात विकत मिळाली असती, तर ती सॅकमध्ये पहिली गेली असती.

मग मुंबईत मे महिन्यात चौतीस अंशांतच जीव नकोसा का होतो? घाम तर तिथेही धो धो येतो. येतो आणि टपकतो. मेख तिथेच आहे. टपकलेला घाम काहीच काम करत नाही. काम करतो तो उडून गेलेला घाम. समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला उडायला जागा नसते. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही आणि उन्हाळ्यात होतं, त्याचं कारण हेच. सहाराची हवा हाडासारखी कोरडी. तिथे घाम कातडीवर आला की नाहीसा! कपडे ओले होत नाहीत, कपाळ ओलं होत नाही. फक्त संध्याकाळी काळ्या शर्टवर पांढऱ्या मिठाची नक्षी उमटलेली दिसते. पाणी गेलं, पावती राहिली. नवख्याला हेच फसवतं. आपण घामाघूम झालोच नाही, असं त्याला वाटत राहतं, आणि तोवर तीन-चार लिटर उडून गेलेले असतात.

म्हणून पाणी हाच इथला खरा तोल. दिवसाला साधारण दहा-बारा लिटर, तेही ठरलेल्या ठिकाणी, आणि अनेक वर्षं ते बाटल्यांतून दिलं जायचं. बाटलीवर धावपटूचा क्रमांक लिहिलेला. वाळवंटात रिकामी फेकलेली सापडली तर वेळेचा दंड. सलाइन लावून घ्यावं लागलं तरीही दंड, आणि ते दुसऱ्यांदा लागलं तर शर्यत संपली. एरवी नियमांबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण हे नियम लिहिणाऱ्याला माणूस बरोबर कळला होता.

माठ भरत राहिला की झालं, असंही नाही. घामात मीठ असतं. लिटरमागे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे दहा लिटर घामाबरोबर मिठाचे दोन ते सहा लहान चमचे अंगातून गेले. आता वरून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्त पातळ होतं, सोडियम घसरतं, पेशी फुगतात, आणि मेंदूला कवटीच्या आत फुगायला जागा नसते. जास्त पाणी पिऊन माणूस मरू शकतो, तोही वाळवंटात! म्हणून खिशात मिठाच्या गोळ्या. ताकात मीठ घालून उन्हात निघणाऱ्या आपल्या आज्यांना सोडियम हा शब्द माहीत नव्हता, पण बाकी सगळं माहीत होतं.

शरीर हे शिकतंही, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. गारठ्याच्या देशातून येणारे धावपटू शर्यतीआधी दहा-पंधरा दिवस रोज सॉनात किंवा कढत पाण्याच्या टबात बसून राहतात. त्याने काय होतं? रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, म्हणजे टाकी मोठी होते. घाम आधीपेक्षा लवकर सुटतो आणि जास्त येतो. आणि घर्मग्रंथी मीठ बाहेर सोडायच्या आधी त्यातलं बरंचसं परत ओढून घ्यायला लागतात. घाम अळणी होतो! फक्त दोन आठवड्यांत. कुणी कारखाना बंद ठेवला नाही, कुणी नवं यंत्र बसवलं नाही.

अर्थात या सगळ्याला मर्यादा आहे. 2021 साली शर्यत ऑक्टोबरात झाली, पारा पन्नासच्या आसपास गेला, पोटाच्या आजाराने छावणी पोखरली, आणि जवळपास निम्म्या धावपटूंना माघार घ्यावी लागली. एका फ्रेंच धावपटूचा मृत्यू झाला. सगळे नळ उघडे असूनही आग जिंकू शकते.

पायांकडे येऊ. टाचेच्या वर हात लावून पाहा. ती जाड, ताठ दोरी म्हणजे अकिलिस टेंडन. पाऊल जमिनीवर पडलं की ती ताणली जाते, उचललं की आखडते, आणि ताणताना साठलेली शक्ती परत देते. दर पावलाला फुकटची मदत! कठीण जमिनीवर पळणं म्हणजे स्प्रिंगवर उड्या मारणं.

वाळू हा स्प्रिंग लुटते. पाऊल टेकलं की कण बाजूला सरकतात, शक्ती कण हलवण्यात जाते, आणि परत मिळत काहीच नाही. बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी 1998 साली हे मोजून दाखवलं: वाळूत पळायला कठीण जमिनीच्या 1.6 पट ऊर्जा लागते, आणि चालायला तर 2.1 ते 2.7 पट. म्हणून अनुभवी माणसं टेकडीवर सरळ चढत नाहीत, कड्याकड्याने जातात. वाऱ्याकडची बाजू ठोकून बसवल्यासारखी घट्ट असते आणि तिचा चढ सौम्य. पलीकडची बाजू, जिथे वारा कण नेऊन टाकतो, ती बत्तीस-चौतीस अंशांत उभी, आणि भुसभुशीत. हाच कोन सगळीकडे का? कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. एक कण जास्त पडला की घसरगुंडी. खळ्यावर धान्याची रास वर वर ओतत राहिलात तरी ती एका ठरावीक उतारापलीकडे ताठ होत नाही, तोच कायदा. तीनशे फुटी टेकडी आणि ज्वारीची रास एकाच नियमाने बसलेल्या.

एक मात्र सांगायला हवं: सहारा म्हणजे वाळूच वाळू हे चित्र सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात भरलं आहे. वाळूने व्यापलेला भाग जेमतेम चौथा हिस्सा. बाकी दगडगोट्यांची पठारं, सुकलेले तलाव, कोरडे ओढे, काळे डोंगर. पळणाऱ्यांचे हाल तिथे जास्त होतात. उन्हाने पाय सुजतात, म्हणून बूट आधीच एक-दोन नंबर मोठे घ्यायचे. वाळू शिरू नये म्हणून बुटांभोवती कापडी खोळ शिवून घ्यायची. तरी फोड येतात. फोड वरवरच्या घासण्याने येतो असं आपण समजतो, पण कातडीचा वरचा थर बुटाबरोबर एकीकडे आणि आतला थर हाडाबरोबर दुसरीकडे ओढला जातो, मधला भाग फाटतो, आणि त्या फटीत पाणी भरतं. संध्याकाळी वैद्यकीय राहुटीसमोर पायांची रांग लागते. फोड कापून त्यावर लाल औषध फासलं जातं, आणि दुसऱ्या सकाळी छावणीतली निम्मी माणसं आळता लावल्यासारखी हिंडताना दिसतात.

घाम, चरबी, टाचेची दोरी. हे इतकं नेमकं सामान आपल्याला दिलं कुणी? 2004 साली डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या दोघांनी एक धाडसी मांडणी केली: माणसाचं शरीर लांब पळण्यासाठी घडलेलं आहे. नुसतं चालायला इतका मोठा नितंबाचा स्नायू लागत नाही. तो पळतानाच खरा कामाला येतो. मानेमागे एक बंध आहे, तो पळताना डोकं डचमळू देत नाही. कळस म्हणजे उघडी, केस विरळ झालेली, घामेजणारी कातडी. चौखूर उधळलेलं हरीण धापा टाकून अंग गार करू शकत नाही, कारण त्या वेगात त्याचा श्वास पावलांना बांधलेला असतो. त्याला थांबावंच लागतं. माणसाला थांबावं लागत नाही. कलाहारी वाळवंटातल्या सान शिकाऱ्यांनी ऐन दुपारी, तासन् तास कुडू हरणाच्या मागावर राहून, ते तापून कोसळेपर्यंत पाठलाग केल्याची नोंद लुई लीबेनबर्ग यांनी केली आहे. वेगात हरणाच्या पासंगालाही न पुरणारा प्राणी उन्हाला हत्यार करतो! आपले पूर्वज सगळीकडे असंच करत होते का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. आणि 2019 साली कॅक्टस नावाचा एक कुत्रा या शर्यतीत मधेच घुसला आणि मजेत टप्पे पळत राहिला, तेव्हा त्यानेही या सिद्धांतावर आपलं मत नोंदवलंच. त्याच्या पाठीवर सॅक नव्हती हे खरं.

मग शरीराकडे नाही असं काय आहे? सक्तीच्या यादीत होकायंत्र का आहे?

1994 साली मॉरो प्रोस्पेरी हा रोमचा पोलीस या शर्यतीत पळत असताना वाळूचं वादळ आलं. थांबायच्या ऐवजी तो पुढे जात राहिला. वादळ शमलं तेव्हा सगळं निसर्गचित्र बदललेलं होतं. टेकड्याच हलल्या होत्या. एका ओसाड दर्ग्यात त्याने आसरा घेतला, वटवाघळं खाल्ली, स्वतःची लघवी प्यायली. दहाव्या दिवशी भटक्या लोकांच्या वस्तीवर पोहोचला तेव्हा तो अल्जीरियात होता, वाटेपासून जवळपास तीनशे किलोमीटर भलतीकडे, सोळाएक किलोंनी हलका. (पुढे काही वर्षांनी तो पुन्हा हीच शर्यत पळायला आला. याला काय म्हणावं, मला सुचत नाही.) चरबीने साथ दिली, मूत्रपिंडांनी कमाल केली, दिशेने मात्र दगा दिला.

दोष त्याचा नव्हता. 2009 साली यान साउमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना जर्मनीच्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या सहारात सोडून ‘सरळ चाला’ एवढंच सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात ती गोल गोल फिरली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. सहारात रात्री चालणारा एक जण चंद्र होता तोवर नीट गेला. चंद्र ढगांआड गेला, आणि तो वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला. चकवा लागतो म्हणतात, तो हा. भुताची गरजच नाही!

आता त्याच वाळूवर खाली वाकून पाहा. सहारातल्या मुंगीला अन्नाच्या शोधात शंभर मीटर वेडंवाकडं भटकल्यावर घरी सरळ रेषेत येता येतं. तिचं बीळ म्हणजे वाळूतलं एक भोक, खूण काही नाही. सूर्यावरून तिला दिशा कळते, पण अंतर? 2006 साली शास्त्रज्ञांनी काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवल्या. हो, मुंग्यांना गेडीवर चढवलं! अन्नापर्यंत त्या साध्या पायांनी गेल्या होत्या, परतताना गेडीवर. त्या बिळाच्या पुढे निघून गेल्या आणि तिथे घर शोधत बसल्या. ज्यांचे पाय आखूड केले त्या अलीकडेच थांबल्या. मुंगी पावलं मोजते.

तिची एक चंदेरी बहीण तर सगळे प्राणी बिळात असतात तेव्हाच, भर दुपारी बाहेर पडते. तिच्या अंगावरचे तिकोनी केस ऊन परतवतात आणि आतली उष्णता आकाशाकडे फेकतात. सक्तीच्या यादीतल्या चंदेरी चादरीची थोरली बहीणच म्हणा. सेकंदाला ती स्वतःच्या लांबीच्या 108 पट पळते. माणसाने तो हिशेब पाळला तर ताशी साडेसहाशे किलोमीटर होतील. मिनिटांत काम उरकून ती पुन्हा आत.

दुसरं टोक शर्यतीच्या शेपटाला असतं. सगळ्यांच्या मागून, स्थानिक माणसांबरोबर, दोन उंट संथ चालत येतात. ते तुमच्या पुढे गेले की तुम्ही बाद. उंटाचा कारभार आपल्या नेमका उलट. आपण पाणी उधळून अंग सदतीसवर धरून ठेवतो. उंट पाणी वाचवतो आणि अंग तापू देतो. तहानलेल्या उंटाचं तापमान पहाटे चौतीस, दुपारी चाळीसच्या वर. दिवसभर साठवलेली धग तो रात्री गार हवेत फुकट सोडून देतो. पाणी मिळालं की शंभर लिटर एका दमात. त्याच्या पुढे दहा-वीस किलोमीटरवर लाहसेन अहानसालसारखा मोरोक्कन माणूस वाऱ्यासारखा निघून जातो (ही शर्यत त्याने दहा वेळा जिंकली) आणि तासाला लिटर-दीड लिटर पाणी हवेत उडवत असतो. काटकसरी मागे, उधळ्या पुढे.

शेवटच्या सकाळी सॅक जेमतेम निम्मी उरते. सहा दिवसांचे दाणे आणि सुका भात पोटात गेलेला असतो. खाली पसरून पाहिलं तर काय निघतं? न वाजवलेली शिट्टी. न चमकवलेला आरसा. न वापरलेला विषाचा पंप, अर्धा टूथब्रश, दोन सेफ्टी पिना (बाकीच्या आठ कुठे गेल्या, देव जाणे). आणि तळाशी, पासपोर्टात दुमडलेले, मिठाने कडक झालेले दोनशे युरो. ते अडचणीच्या वेळेसाठी होते. आठवडाभर ते पाठीवर सहारा फिरले, आणि वाटेत एकही दुकान लागलं नाही.